बारा नव्हे, अठ्ठावन्न

तीर्थरूप मावशीस वाकून नमस्कार. (दिवसभर मायक्रोस्कोपवर ओणवी असल्याने मी वाकलेलीच असते, पण हा निराळा धरावा.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला?

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले की दादाच्या नमुन्यात शंभरांतले बाराच शुक्राणू हलतात. ते चूक आहे. अठ्ठावन्न हलतात. चूक माझी, आणि ती चहापासून सुरू झाली.

आमच्या लॅबमध्ये काचपट्ट्या अंगाइतक्या उबदार ठेवायला एक गरम तबकडी आहे. तिच्यावर आमचे सीनियर चहा ठेवतात. हे नियमात बसत नाही, असे मी त्यांना तीनदा नम्रपणे सांगितले. चौथ्यांदा प्लगच काढला. चहा गार झाला, माझा तोरा तापला, आणि प्लग परत लावायचा राहिला. पुढचा नमुना दादाचा. थंडीत अंथरुणाबाहेर पाय कोण काढतो? बिचारे गारठून पडले होते. तू तुझ्या ओट्यावर मायक्रोस्कोप मांडून मला शिकवलेस, "दिसेल ते लिही, वाटेल ते लिहू नकोस." मी दिसले ते लिहिले.

शिवाय ते शर्यत लावून सरळ पोहतात, असेही मी लिहिले होते. तेही खोटे. दादा सकाळी चष्म्याशिवाय स्वयंपाकघर गाठतो ना, तसेच त्यांचे: भिंत धरून सरकायचे, ऊब लागेल तिकडे वळायचे, अगदी जवळ गेल्यावर स्त्रीबीजाचा वास आला की उसळी मारायची. निघतात कोट्यवधी, जवळ पोहोचतात जेमतेम काहीशे. त्यांतलेही बरेच त्या महिन्यात बीजच नसलेल्या नळीत जाऊन बसतात.

पण बारा हा आकडा दादाने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला (आमच्या घरात गुपित असे राखतात) आणि घर उलटेपालटे झाले. लवकर झोप, जड उचलू नकोस, मनाला लावून घेऊ नकोस, हे चार वर्षे वहिनीला ऐकवलेले सगळे आई आता दादाला ऐकवते. दादा सैल पायजम्यात फिरतो आणि गार पाण्याने कुडकुडत अंघोळ करतो. वहिनी पाय पसरून पेपर वाचते.

काल नियमाप्रमाणे दुसरा नमुना तपासला, तबकडी गरम ठेवून. अठ्ठावन्न. सीनियरना सगळे कबूल केले. ते म्हणाले, "पोरी, माझा चहा राहू दिला असतास तर तुझं घराणं इतकं गारठलं नसतं."

मग वहिनीला सांगितले. (रिपोर्ट दादाचा, सांगितला वहिनीला, ही तिसरी चूक.) ती पेपरातून डोके न काढता म्हणाली, "वन्सं, पुन्हा सगळं माझ्यावरच येणार. चार वर्षांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतेय हो. कुडकुडू दे की त्यांना थोडं."

मला तिचे पटले, हेच वाईट. पण दादाला उद्या-परवा खोट्या बारावर औषध सुरू होईल, ते मला सहन होणार नाही.

तुझी भाची

ता. क. तुझ्या गुडघ्यांची चौकशी खरीच आहे, पण त्यांना जिना चढायचा आहे. आई फक्त तुलाच घाबरते. ये, आणि तिला सांग की दोघांचे सगळे नीट असूनही गाठ पडायला वेळ लागतो, तो कुणाचा गुन्हा नव्हे.

ता. क. २. वरचे "उद्या-परवा" मोघम आहे. डॉक्टरांची वेळ दहाची. दादाला मी त्याआधी सांगणार: गुरुवार, एकोणीस तारीख, सकाळी साडेआठ, त्याने गार पाणी अंगावर घेण्याआधी.