स्लॅबखालची दाढी

लातूर,
रविवार सकाळ

आदरणीय दाजी,

सुगतचा सप्रेम जयभीम. माया अक्काच्या गुडघ्यांना या थंडीत कितपत त्रास आहे? तुमचं रेल्वेचं क्वार्टर गळायचं थांबलं का? (पावसाळा संपला म्हणजे थांबलं असणार, ऑफिसनं काही केलं असेल असं वाटत नाही.) गोळ्या वेळेवर घेताय ना? मी इकडे बरा आहे. तोंडही बरं आहे, आणि तीच बातमी आहे, म्हणून हे पत्र. मघापासून लिहायला बसतोय आणि उठतोय. तेवढं अक्षर सांभाळून घ्या.

आमच्या पिल्लूच्या बारशाला नांदेडला आलो तेव्हा तुम्ही चारचौघांत माझी हनुवटी धरून वर केलीत आणि मांजराशी भांडलास का म्हणून विचारलंत. तुमचं काही चुकलं नव्हतं. तोवर मी ती प्लास्टिकची, वापरून फेकायची रेझरं घेऊन अंगणातल्या नळाशी उभ्या-उभ्या दाढी उरकत आलो होतो. साबण नाही, आरसा नाही, एक पाय चपलेत. (क्लासमधली पोरं पाठीमागं मला 'ओरखडे सर' म्हणतात. रसायनशास्त्र चांगलं शिकवतो, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.) मग तुम्ही तुमचं जपून ठेवलेलं स्टीलचं मशीन, ब्रश, साबणाची वाटी आणि तुरटीचा खडा रुमालात बांधून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, दाढी बसून करायची असते, पळता पळता नाही. अक्कासमोर नाही कसं म्हणणार? घेतलं.

सुरुवात अर्थातच अंगणात केली. शेवग्याच्या फांदीला आरसा टांगला. वारा सुटला की आरसा फिरायचा, आणि ऐन मिशीशी आलो की त्यात माझ्याऐवजी आमच्या मालकीणबाई सिद्धम्मा भांडी घासताना दिसायच्या. त्यांना वाटलं मी त्यांच्याकडं बघून राहिलो. एका गालाचा फेस होईपर्यंत दुसऱ्याचा वाळून भिंतीसारखे पोपडे धरायचा. शिवाय प्लास्टिकचं रेझर दाबून ओढायची माझी जुनी सवय. तुमचं मशीन स्वतःच्याच वजनानं चालतं हे तुम्ही सांगितलं होतं, पण हाताला कोण सांगणार? पहिल्या दिवशी रक्त, दुसऱ्या दिवशी रक्त आणि वर तुरटी. तुरटी लावल्यावर तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या पोरांनी पाठांतर थांबवलं. मग एका कावळ्यानं वाटीतला साबणच उचलून नेला. आता ह्यात माझा काय दोष? सिद्धम्मा म्हणाल्या, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि हे सर एकेका गालाला तांब्या ओततात. मोरीत आरसा हाय, दिवा हाय, पाट हाय, आत बसून का करत न्हाईत?

आत. आता दाजी, तुम्हाला काय सांगायचं? मोरी स्लॅबखाली, आणि तिचं दार असं की कडी लावली नाही तर हळूहळू उघडत जातं. किल्लारीकडं भूकंप झाला त्या पहाटे आमच्या घराची चौकट तिरकी झाली होती. शेजाऱ्यांनी वरचा पत्रा उचकटून आईला आणि मला बाहेर काढेपर्यंत मी आतून दार ओढत होतो. कडी निघाली होती. दार निघत नव्हतं. त्याला आता वर्षं झाली, पण कडीच्या आत मी अजून फार वेळ थांबत नाही. नोकरीसुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या क्लासात धरली. (क्लासचे मालक समजतात माझी राहणी साधी आहे.) आणि राहायला मिळालं ते असं घर, की वर सगळी शिकायला आलेली पोरं. नगरची, नाशिकची, कुठकुठली. ती येरझाऱ्या घालत पाठ करतात, झोपायच्या बाजा ओढतात, आणि खाली स्लॅब धडधडतो. घरमालक गुरुपादप्पांना बोललो तर ते छाती पुढं काढून सांगायचे की ह्या स्लॅबात तीन मजल्यांची सळई घातलीय, वर हत्ती नाचवा.

तरी एक दिवस गेलो आत. पाटावर बसलो, कडी लावली, गरम पाण्यात ब्रश भिजवला, अंघोळीच्या साबणाचाच फेस केला. उजवा गाल झाला. खरं सांगतो, बरं वाटून राहिलं होतं. तेवढ्यात नळ आला. वरच्या पोरांनी रिकामी पिंपं एकदम ओढायला घेतली, आणि एक पिंप हातातून सुटून जिन्यावरून गडगडत खाली आलं. मला नळ ऐकू आला नाही. मला फक्त गडगड ऐकू आली. कडी कशी काढली आठवत नाही. लुंगी, बनियन, डाव्या गालावर फेस, हातात मशीन अशा थाटात मी गल्लीच्या मधोमध उभा होतो आणि ओरडत होतो, बाहेर निघा, बाहेर निघा.

आणि दाजी, अख्खी गल्ली निघाली. कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून. समोरच्या आबेदाभाभी कणकेच्या हातानं, काखेत नातू घेऊन. पलीकडचे तलाठी अर्ध्या अंघोळीचे. आणि सगळ्यांत आधी, माझ्याही पुढं, गुरुपादप्पा. उघडेबंब, गळ्यात इष्टलिंग, अनवाणी. (सिद्धम्मांना आतच विसरून. त्या मागून चालत आल्या आणि त्यानंतर दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.) पिंप घरंगळत गल्लीत आलं तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला. बाहेरगावची पोरं गॅलरीतून हसायला लागली. मग त्यांनी खालच्या लोकांची तोंडं पाहिली आणि हसायची थांबली. आबेदाभाभींच्या हातावरची कणीक वाळेपर्यंत कुणी घरात गेलं नाही.

मी खाली मान घालून माफी मागणार होतो. गुरुपादप्पा माझ्याकडं बघत म्हणाले, "अर्धीच झालीय की." मी म्हणालो, राहू द्या, उद्या करीन. त्यांनी घरातून स्टूल आणलं आणि मोरीच्या दाराला टेकवून बसले.

"कडी लावू नका. दार मी धरतो."

मी आत बसलो. ओरडून दमलो होतो, मशीन दाबायला जोर उरला नव्हता, म्हणून पहिल्यांदा कुठंही कापलं नाही. अर्धा गाल झाल्यावर दाराबाहेरून हळूच आवाज आला, "मी बी दार उघडं ठेवूनच अंघोळ करतो, सर. घरच्यांना सांगतो की वाफ कोंडते म्हणून." मी ब्रश पुन्हा भिजवला.

त्यानंतर रोज सकाळी ते स्टुलावर पेपर घेऊन बसायला लागले. क्लासच्या जाहिराती मोठ्यानं वाचायचे, कुठल्या क्लासचं कुठलं पोरगं पहिलं आलं म्हणून, आणि वर सांगायचे की ह्या सगळ्यांना मी खोल्या देऊ शकलो असतो. मी आत हूं हूं करत दाढी करायचो. परवा हनुवटीखालचा अवघड भाग चालू होता, म्हणून हूं म्हणायचं राहून गेलं, बाहेर वाचन चालू नाही हेही ध्यानात आलं नाही. बाहेर आलो तर स्टूल नाही, गुरुपादप्पा नाहीत. सिद्धम्मा म्हणाल्या, ते पहाटेच्या गाडीनं निलंग्याला लग्नाला गेलेत. मागं वळून पाहिलं. दार उघडताना कडी मीच काढली होती, म्हणजे लावलीही मीच असणार.

असो. तोंडावर एक ओरखडा नाही. पोरांना आता नवीन नाव शोधावं लागेल. अक्काला आणि तुम्हाला पुन्हा जयभीम.

तुमचा,
सुगत

ता. क. कावळ्यानं नेला तो साबण इकडं मिळत नाही. कुणी लातूरकडं येणारं असेल तर एक वडी पाठवा.

ता. क. २. साबणाची तशी घाई नाही. काम वेगळंच आहे. उत्पलानं माहेरून निरोप धाडलाय, की मी अजून अंगणातच झोपत असलो तर थंडी सरेपर्यंत ती आणि पिल्लू नांदेडहून हलणार नाहीत. तिचं बरोबर आहे. तान्ह्या लेकराला अंगणात कसं निजवणार? तेव्हा तुम्ही सहज म्हणून तिच्या माहेरी चक्कर टाका आणि दाढीची हकीकत सांगा. मी पत्र लिहिलंय असं म्हणू नका. आणि पिंपाचा भाग गाळा.

ता. क. ३. पिंपाचा भाग गाळू नका, तिला कुठूनतरी कळेलच. बाज आत घेतली, हेही सांगा. आत झोपलो का असं ती विचारेल. सांगा, दोन रात्री बाजेवर नुसता बसलाय.