नजर खाली ठेवणारा माणूस

प्रिय एवारिस्तो,

टायर फुटला म्हणून उशीर झाला, असं बाबांनी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं आहे. खरं सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे.

सॅन अँटोनिओच्या हॉस्पिटलातून सकाळी फोन आला, किडनी मिळाली आहे, दुपारच्या आत पोचा, नाहीतर ती पुढच्या पेशंटला जाईल. इतकी वर्षं डायलिसिसवर काढलेला माणूस, त्यांनी हौसेने इस्त्रीचा शर्ट घातला. शेजारची रोसेंदा त्यांच्या कपाळावर क्रूस काढायला धावत आली. मी गाडी हाणली ती थेट उत्तरेच्या रस्त्यावरच्या सीमा पोलिसांच्या नाक्यापर्यंत.

नाका आपल्याला काय नवा? नागरिक आहात का, हो, चला. पण बाबांना तू ओळखतोस. दुसऱ्याच्या रँचवर गुरं राखत वाढलेले. हुद्द्याच्या माणसापुढे हॅट काढायची, नजर खाली ठेवायची, हीच त्यांची अदब. तेच केलं. त्या तरण्या अधिकाऱ्याने कागद बघितले, सगळे बरोबर होते, तरी गाडी बाजूला घ्यायला लावली. मी हॉस्पिटलचं सांगितलं, संशय तरी कसला ते विचारलं.

"म्हातारा माझ्याकडे बघत नाही," तो म्हणाला. "कुत्रा येईपर्यंत थांबायचं."

मी बाबांना हळूच म्हटलं, त्याच्याकडे बघा. त्यांनी एकदा वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. झालं, संशय पक्काच. कुत्रा दुसऱ्याच रस्त्यावर होता. तो येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. त्याने सगळी गाडी हुंगली. सापडलं काहीच नाही. आम्ही पोचलो तेव्हा किडनी दुसऱ्याला दिलेली होती. बाबा नर्सला म्हणाले, "उशीर आमच्याकडूनच झाला, बाई."

त्यांचं नाव यादीत आहे अजून. डॉक्टर फारशी आशा देत नाहीत.

आता शपथ का मोडली ते. गणवेशातला, तुझ्या नाक्यावरचा तुझा फोटो बाबांनी टीव्हीशेजारी ठेवला आहे, रोज पुसतात. तुला वाईट वाटू नये म्हणूनच ते टायरचं सांगितलं. पण नाताळात जेवताना तूच हसत सांगत होतास, जो नजरेला नजर देत नाही त्याला मी सोडत नाही. बाबा तेव्हाही ताटाकडेच बघत होते. मला तुझा राग आला आहे, एवारिस्तो, आणि तुझ्यावरची माया काही कमी होत नाही. ते तुझे वडील नसते, तर तुझ्या नाक्यावरून तू त्यांना जाऊ दिलं असतंस का? उत्तर मला लिहू नकोस. घरी ये आणि त्यांना सांग.

तुझीच बहीण,
डेल्फिना