पट्टीखालची खुंटी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा टीव्ही आणि व्हिडिओ गेमच्या मशिनांची दुरुस्ती, लिहून ठेवते की माझे डोके आज ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो पण सोल्डरचा थेंब अजून जागच्या जागी पडतो, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाने किंवा गोड बोलण्याला भुलून करत नाही. हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. जुने यंत्र आणखी किती चालेल याचा अंदाज बांधण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे त्यांना फार समजावावे लागले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे निघालेच तर ते खोटे समजावे.

या कागदाप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम वकीलसाहेबांकडे आहे. त्यांनी आधीच बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला मिळणारी वस्तू गेली. हे सर्वांनी लक्षात ठेवावे, मागाहून माझ्या नावाने बोटे मोडू नयेत.

कलम १. घर. रस्त्याकडचे दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला देते. ती इस्पितळात एक्स-रे काढते. तिच्या वडिलांनी सव्वीस वर्षांत या उंबऱ्याला पाय लावलेला नाही, पण ती कळत्या वयापासून दर गुरुवारी येते. तिने इथले तिथे आणि तिथले इथे कधी केले नाही. विकायचे असेल तर खुशाल विकावे, फक्त मागच्या खोलीचे दार पावसाळ्यात फुगते हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. बँकेत जे असेल ते तिचेच. त्यातून माझे शेवटचे सोपस्कार साधेपणाने करावेत. कोणी भाषण करू लागल्यास त्याला चहा देऊन खाली बसवावे.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांच्या मिक्सरमुळे माझ्या पडद्यावर तीस वर्षे पांढऱ्या रेघा उमटल्या. मी वर जाऊन तक्रार केली की त्या म्हणत, मग आम्ही काय खायचं नाही का. मिक्सर मी फुकट दुरुस्त करून देते म्हटले तरी त्यांनी तो हातून सोडला नाही. मात्र मी तापाने पडले होते तेव्हा पंधरा दिवस माझे जेवण त्याच मिक्सरमधून आले, हेही लिहिले पाहिजे. वहिनींना मी काहीही देत नाही. त्यामुळे त्या साक्षीदार होऊ शकतात, आणि मला त्यांचीच सही हवी आहे.

कलम ४. हत्यारे आणि वही. सोल्डरिंगच्या दोन्ही इस्त्र्या, मीटर, पक्कड, भिंग आणि निळ्या पुठ्ठ्याची वही भाचीने घ्यावी. जुने गेम घरच्या टीव्हीवर चालवणारे हौशी लोक हल्ली पुष्कळ झाले आहेत आणि दार वाजवून विचारतात. त्यांना वहीचे पहिले पान वाचून दाखवावे. ते असे:

“गेमचा बोर्ड टीव्हीला रंगांबरोबर एक खूण पाठवतो, की ओळ इथे संपली, चित्र इथे संपले. ही खूण म्हणजे सिंक. टीव्हीला ती कळली नाही की चित्र वरखाली पळते किंवा तिरके फाटते. अशा वेळी बोर्ड जळला म्हणून बोंबलू नये. आधी बोर्डाला पुरते पाच व्होल्ट पोचतात का ते मोजावे. मग दोघांचे ग्राउंड जोडलेले आहे का ते पाहावे. मग सिंकची तार. काही बोर्ड ओळीची आणि चित्राची खूण वेगळ्या तारांनी देतात, टीव्हीला दोन्ही एकत्र लागतात. त्या तारा नुसत्या पिळून जोडू नयेत, मध्ये छोटी चिप बसवावी. बोर्डाची खूण टीव्हीला झेपणार नाही इतकी जोरकस असते, म्हणून तारेत रेझिस्टर घालावा. हे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, टीव्हीमागची होल्डची, म्हणजे पळते चित्र थांबवणारी, खुंटी फिरवावी.”

यातली रेझिस्टरची ओळ वेगळ्या अक्षरात आहे. ते अक्षर माझ्या भावाचे आहे. तेव्हा मी सिंकची तार थेट जोडत असे आणि रेझिस्टरला लाड म्हणत असे.

कलम ५. गेम पार्लरचे मालक. मशीन बिघडले की हे गृहस्थ आधी त्याच्या कानफटात मारत आणि मग ते माझ्याकडे पाठवत. त्यांना मी माझा रबरी हातोडा देते, निदान त्यांचा हात तरी दुखणार नाही. त्या बदल्यात एक काम करावे. माझ्या तोंडून गेलेले एक वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी बाजारभर केले. पुढचे कलम त्यांनी वाचावे आणि तितक्याच उत्साहाने बाजारभर करावे.

कलम ६. कपाटावरचा टीव्ही. हा मी धाकट्या भावाला देते. का, ते सांगते.

आमचे वडील रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी आम्हा दोघांना एक गोष्ट शिकवली. ज्या वस्तूने बाकीच्या वस्तू तपासायच्या, ती कोणाच्याही सोयीसाठी हलवायची नाही. म्हणून आमच्या तपासणीच्या टीव्हीची होल्डची खुंटी एकदा नीट लावून तिच्यावर मी काळी पट्टी चिकटवली होती. दुरुस्त झालेला प्रत्येक बोर्ड आधी त्या टीव्हीवर लावायचा, चित्र स्थिर राहिले तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. भावाने तो नियम कधी मोडला नाही. मी मोडला.

मोटारींच्या शर्यतीचा एक बोर्ड आला होता. बाकीचे बोर्ड सेकंदाला साठाच्या आसपास चित्रे काढतात, हा पठ्ठ्या पंचावन्नच काढायचा. त्यात काही बिघाड नव्हता, त्याची घडणच तशी होती. पण चित्र पळत होते, आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसून पाय हलवत होते. भाऊ बाजारात गेला होता. मी पट्टी उचलली, खुंटी फिरवली, चित्र स्थिर करून दाखवले आणि पट्टी परत चिकटवली. गिऱ्हाईक गेले की खुंटी जागेवर आणायची असे ठरवले होते. तेवढ्यात वीज गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यातून ते साफ निघून गेले.

त्याच आठवड्यात पार्लरचे सात बोर्ड आले. सातही भावाने दुरुस्त केले, सातही तारांत रेझिस्टर घातला, आणि सातही बोर्डांचे चित्र आमच्या टीव्हीवर पळू लागले. मी त्यातला एक घेऊन रेझिस्टर काढला आणि तार थेट जोडली. चित्र थांबले. आज मला कारण माहीत आहे. माझी जोरकस खूण त्या भलतीकडे लावलेल्या टीव्हीला कान धरून ओढत होती, त्याची बेताची खूण ओढू शकत नव्हती. त्या दिवशी मात्र मला एवढेच दिसले की माझे खरे आणि त्याचे खोटे.

मालक समोर उभे होते. भाऊ म्हणाला, “ताई, टीव्ही तपासलास का?” मी म्हणाले, “टीव्हीला काय धाड भरलीय? तुझ्या हाताला यश नाही. उद्यापासून बोर्डाला हात लावू नकोस.”

त्याने इस्त्री बंद केली, ती निवेपर्यंत थांबला, वायर गुंडाळली, इस्त्री खणात ठेवली आणि गेला. महिन्याभरात तो पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीला लागला. भाची सांगते की घरातला फ्यूज उडाला तरी तो बाहेरून माणूस बोलावतो. चित्र थांबवण्यात त्याच्याइतका हुशार माणूस मी पाहिलेला नाही, आणि तो फ्यूजला हात लावत नाही.

अकरा दिवसांनी तो शर्यतीचा बोर्ड आवाज बंद झाला म्हणून परत आला. मी तो टीव्हीवर लावला आणि काहीही न हलवता चित्र स्थिर आले. यायला नको होते. पट्टीखालची खुंटी मी परत जागेवर आणलीच नव्हती. त्याच दिवशी जाऊन सांगायचे होते. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटले की तोच रागावून येईल तेव्हा सांगू. तो आला नाही. मग महिना झाला, वर्ष झाले, आणि आता कोणत्या तोंडाने सांगणार असे वाटू लागले. मी तपासणीला दुसरा टीव्ही आणला आणि हा कपाटावर ठेवला. खुंटी आजही तिथेच आहे जिथे मी ती फिरवून ठेवली. सात बोर्डांपैकी एक मी ठेवून घेतला, त्याचा रेझिस्टर परत जागेवर लावला आणि तो बोर्ड टीव्हीसोबत बांधून ठेवला आहे.

माझ्या भावाचे काम बरोबर होते. सातही बोर्ड बरोबर होते. चूक माझी होती, आणि ती मला सव्वीस वर्षे माहीत होती. मी गेल्यावर वकीलसाहेबांनी हे कलम त्याला वाचून दाखवावे.

कलम ७. नंतर जोडलेले. वरचे लिहून नऊ दिवस झाले. नीट उतरवून घेण्यासाठी मी कच्चा कागद भाचीला दिला. तिने तो वाचला. मग म्हणाली, “आत्या, तू गेल्यावर बाबांनी हे कोणाशी भांडायचं?” तिने कागद घडी करून पिशवीत टाकला, मी अडवले नाही. त्यानंतरचे आठ दिवस मला झडपेपेक्षा जड गेले.

आज सकाळी दहा वाजता सह्यांसाठी वकीलसाहेब आले, वहिनी खाली उतरल्या, आणि भाचीच्या मागोमाग तोच कागद हातात धरून धाकटा आत आला. त्याचे केस पांढरे झाले आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी उठायला गेले तर त्याने हातानेच बस म्हटले. त्याने टीव्ही खाली काढला, मागची धूळ फुंकली, बोर्ड जोडला. चित्र पळू लागले. त्याने पट्टी सोलली आणि अंगठ्याने खुंटी जराशी फिरवली. चित्र थांबले. सव्वीस वर्षांपूर्वीचे काम, आणि रेघ इकडची तिकडे नाही. वहिनी म्हणाल्या, छान दिसतंय हो.

मी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली, कारण बोलले होते तेही चारचौघांतच. तो म्हणाला, “टीव्ही तपास म्हटलं होतं मी.” त्याच्या आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा. मग तो वकीलसाहेबांकडे वळला आणि दुसरा साक्षीदार कोण आहे ते विचारू लागला. त्यांनी सांगितले की औषधाच्या दुकानदाराला बोलावले आहे, तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही, सही केलीत तर टीव्ही हातचा जाईल.

भाऊ म्हणाला, “जाऊ दे. ताई, या हाताला यश नाही म्हणाली होतीस. सही चालेल का बघ.”

म्हणून कलम ६ मध्ये असा बदल करते की टीव्ही आणि बोर्ड भाचीला मिळतील. खुंटी तिच्या वडिलांनी आणली तिथेच ठेवावी. तिच्यावर पुन्हा पट्टी लावू नये. बाकीचे शब्द होते तसेच राहतील, आणि मालकांनी ते बाजारभर करायचेच आहेत.

हे सर्व मी वाचून, समजून, डोळे पुसून सही केली आहे.

स्थळ: दुकानामागची खोली, कामाचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा

मृत्युपत्र करणारी: (सही) ताई, टीव्ही दुरुस्तीवाली

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, म्हणून आम्ही सह्या करतो:

साक्षीदार पहिला: (सही) वरच्या मजल्यावरची वहिनी. मिक्सर दुरुस्तीला द्यायला तयार आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. मिक्सर मी बघतो.