ओले पडदे

रविवार, १४ मे

प्रिय बारके,

आशीर्वाद. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "मजेत" असंच सांगणार, आणि अंगात ताप असला तरी तू मजेतच असतेस. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते. तू पाठवलेली लोकरीची शाल तिने पेटीत ठेवली आहे. या उन्हात शाल पाठवायचं तुला सुचलं तरी कसं? पण शेजारणींना दाखवायला रोज पेटी उघडली जाते, त्यामुळे पैसे वसूल झाले समज.

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, तुमच्या बुटांचे सोल निघायचे थांबले म्हणे, ते कशाने?" आणि मी म्हणाले, आई हाक मारतेय, ठेवते. आई झोपली होती.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू मध्ये मध्ये "हं, हं" करतेस आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. म्हणून लिहायला बसले.

मी का टाळलं ते तुला कळलंच असेल. आपण दोघी आता एकच बूट करतो. तोच काळा, शाळेचा, त्याच दूरदेशच्या कंपनीसाठी. तू सीमेपलीकडे डोंगरावरच्या कारखान्यात सोल चिकटवतेस आणि मी इथे पत्र्याच्या छपराखाली. पुढच्या हंगामाचं काम कंपनी दोन कारखान्यांपैकी एकालाच देणार आहे. आमच्या सुपरवायझरने (शिट्टीने, दुसरा कोण, अजूनही बोलताना त्याचं नाक वाजतं) सगळ्यांना बजावलंय, "आपण सोल कसे टिकवले हे डोंगरवाल्यांना कळलं, तर इथे कुलूप लागेल." बोलताना बघत माझ्याकडेच होता.

आता ऐक. गेल्या उन्हाळ्यात आम्ही बायकांनी गोणपाटाचे पडदे शिवले, ओले करून खिडक्यांना लावले, ते मीच तुला कौतुकाने सांगितलं होतं. मालकही खूश होता, फुकटात गारवा मिळाला की कोण खूश होणार नाही? जीवात जीव आला होता आमच्या. मग माल परत यायला लागला. खोकी उघडावीत तर आतले बूट जबडा वासून बसलेले. मालकाने चिकटवायचं सोल्युशन बदललं, मग सोल दाबायचा प्रेस बदलला, मग आमची अक्कल काढली. पडद्यांचा संशय कोणालाच आला नाही. पडदे तर आमच्या भल्यासाठी होते ना.

पण दोष त्यांचाच होता. ओलसर हवेचं पाणी सोल्युशनच्या थरावर बसतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. वरून दाबलं की चिकटल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात सुटतं. हे लक्षात आलं त्या दुपारीच मालकाने सगळे पडदे उतरवले. तेव्हापासून एकही जोड परत आलेला नाही.

तुम्ही तिकडे पडदे लावलेत, माझंच ऐकून. म्हणून तुमचे सोल निघतात.

झालं, सांगून टाकलं. आज इथेच थांबते, भांडी पडली आहेत.

बुधवार

भांडी कसली. रविवारी मी अर्धंच लिहिलं आणि तेवढ्यावर पाकीट बंद करणार होते. पण तू ते वाचून दुसऱ्या दिवशी पडदे उतरवायला लावशील, मी ओळखते ना तुला. शाबासकी मिळवायची घाई तुला लहानपणापासून.

पडदे उतरल्यावर उकाड्याने मी पडले, बारके. टेबलाशी उभी होते, हातात डाव्या पायाचा बूट होता, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मला जमिनीवर निजवून पाय खोक्यांवर ठेवले होते. शिट्टी पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि रडत होता. त्याला रडताना पाहून मला वाटलं, मी मेलेच. डॉक्टरांनी सांगितलंय, किडनीला मार बसला आहे, पुन्हा असं झालं तर सावरणं कठीण. तरी मी रोज जाते. न जाऊन सांगू कोणाला? आईला पोट बिघडलं होतं असं सांगितलंय. तूही तेच सांग. मला भीती वाटते. हे तुझ्या भावजींनाही बोलले नाही.

मी पडल्यावर बायका गप्प बसल्या नाहीत. मागची रिकामी कोठी आहे ना, जिच्यात तू इथे असताना आपण डबे खायचो, ती झाडून कोरडी केली. आत मोठे दिवे लावले. सोल त्यांच्याखाली जरा गरम करायचे आणि चिकटवायचं फक्त तिथेच. दोघीदोघींनी थोडा वेळ आत जायचं, घाम फुटला की बाहेर यायचं. बाहेर हॉलमध्ये पडदे पुन्हा ओले. शिट्टीने आठवडाभर डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. त्या आठवड्याचे जोड आम्ही पाण्यात भिजवून, ओढून, वर उभं राहून पाहिले. एक सोल हलला नाही.

मग ते जोड घेऊन मालकाकडे गेलो. पण याला कायमची पक्की खोली लागते, वीज लागते, दोन हात जास्तीचे लागतात. जोडामागे खर्च चढतो. मालक वाईट माणूस नाही. म्हणाला, "मला पटतं गं. पण डोंगरवाल्यांना आज ना उद्या कळेल, आणि ते नुसते पडदे काढून स्वस्तात देतील. मी भाव वाढवला की बूट गेला तिकडे." आणि तुझा मालक उद्या तुला आमचं नाव सांगून हेच ऐकवेल, लिहून ठेव. ते दोघं एकमेकांना घाबरतात आणि घेरी येते आपल्याला.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "डोंगरवाल्या बायका पडदे काढू देत नाहीयेत. त्यांनीही खोलीच मागितली आहे."

"तुला कोण म्हणालं?"

"माझी बहीण."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तसं असेल तर मीही खोलीचा खर्च धरूनच भाव देतो." सोमवारी तो भाव कंपनीला जाणार आहे.

बारके, मी धडधडीत खोटं बोलले. तुमच्याकडे खोली म्हणजे काय हेसुद्धा कोणाला माहीत नाही.

चामड्याचा ट्रक आज सीमेपलीकडे निघतोय. ड्रायव्हरला चहा पाजून हे पत्र देते. शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. वाचलंस की टेबलावरच्या सगळ्या बायकांना वाचून दाखव. कोठी कशी करायची ते वर लिहिलंय, त्यात काहीही लपवलेलं नाही. तुमच्या मालकाला सांगा, सोल टिकवून देतो, पण पडदे राहतील आणि खोली बांधायची. एकटी जाऊ नकोस. सगळ्या मिळून जा.

तुम्ही मागे हटलात तर सोमवारनंतर आमचं काम तुमच्याकडे येईल. शाबासकी मिळेल, पगारही वाढेल कदाचित. पण तुमच्याकडे आता थंडी उरलेली नाही, तू सांगितलं नाहीस तरी तुमच्या निघालेल्या सोलांनी मला सांगितलंय, उकाडा नसता तर पडदे ओले केलेच नसते. पडदे उतरतील आणि एक दिवस तूही पडशील. तेव्हा तुझे पाय उचलून ठेवायला मी तिथे नसेन.

माझं खोटं सोमवारच्या आत खरं कर.

तुझ्या भरवशावर बोलून बसलेली,
ताई