काळ्या मिठाचं वर्ष

चोपडे, पेडणे
२० जानेवारी २०२५

प्रिय कमल,

तुझा गुडघा आता बरा असावा. योगेश म्हणाला, काजूच्या उतारावर अजून आईच सगळ्यांच्या पुढे असते. लाटंबार्स्याच्या डोंगराने आमची खारी मुलगी चांगलीच पचवली म्हणायची. इकडे माझं बरं चाललंय. सकाळी पोदेर येतो, त्याचे दोन पाव खातो, आणि साखर वाढली म्हणून सून माझ्यावर डाफरते. पण यंदा एक काम असं निघालंय की ते तुझ्यावाचून अडलंय.

डिचोलीची गौरवी नावाची एक आर्किटेक्ट मुलगी तीन महिने आपल्या मिठाच्या आगरात येते आहे. जुन्या कामाच्या जागा मोजून कागदावर उतरवायच्या, हा तिचा उद्योग. आधी तिने बंद खाणींची वर्कशॉपं मोजली, मग नदीकाठचे खनिज भरायचे धक्के, आणि आता आपलं आगर. आपण ज्याला चिखल म्हणायचो त्याला ती औद्योगिक वारसा म्हणते. बांधातली मानस आठवते ना, भरतीला आपसूक मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ती लाकडी दारं? त्यांच्यासमोर ती अर्धा दिवस छत्री घेऊन बसली होती. मीठ साठवायच्या मांगराच्या चिऱ्यांवर मिठाने खाल्लेली एक आडवी रेघ आहे, म्हणजे तिथवर मीठ भरत असणार, हे तिने मला सांगितलं. मला! चाळीस वर्षं त्या भिंतीला टेकून मी विड्या ओढल्या, रेघ काही दिसली नाही.

आगर बारा वर्षं पडून आहे. जमिनीचे भागीदार मातीचा भराव घालायला निघाले होते. गौरवीने हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला. यंदा एका तरी वाफ्यात स्वच्छ पांढरं मीठ पिकलं तर आगर राखायचं, नाहीतर पावसाळा सरल्यावर ट्रक येणार. आता वाफ्याचा तळ पायांनी मळायचं काम जाणणारा मी एकटाच उरलोय, असं गावाने तिला सांगितलं. मीही मान डोलावली. म्हातारपणी कुणी तरुण मुलगी वही उघडून समोर बसली की माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

डिसेंबरात मी आठ पोरांना घेऊन तळ मळला. चार दिवसांत त्याला टाचांएवढ्या भेगा पडल्या. या महिन्यात पुन्हा मळला, तर सकाळी घेतलेलं पाणी संध्याकाळपर्यंत शेजारच्या वाफ्यात. घरी जाताना पोरांचं हसू ऐकू आलं. गौरवी मात्र बांधावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आजोबा, खरें सांगा. पयलीं हें कोण करतालें?”

कोण करायचं, ते तुला काय सांगू. बाबा काठावरून ओरडायचे, मी घमेल्याने वाळू टाकायचो, आणि मळायचीस तू. परकर खोचून, टाचेला टाच लावून, उलटी उलटी चालत जायचीस, म्हणजे स्वतःचं पाऊल मागे उरू नये. मध्येच थांबून एकच टाच दोनदा आपटायचीस आणि म्हणायचीस, “भाई, हंय आनी दोन घमेलीं.” कशावरून, असं मी विचारलं की हसायचीस. बाबा स्वतः म्हणायचे, ह्या पोरीच्या टाचेला डोळे आहेत. मला त्याचा राग यायचा. थोरला मुलगा मी, आणि कौतुक तुझ्या टाचांचं! तू त्या मातीत चालायला लागलीस की वाऱ्यावर तुझं गुणगुणणं यायचं, आणि मी मुद्दाम घमेलं जोरात आपटायचो. आज ते गुणगुणणं ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते देईन, कमल.

आता ते वर्ष. तू अठराची होतीस, मी एकवीसचा. तळ मळून झाला आणि बाबा लग्नाला सावंतवाडीला गेले. जाताना मला बजावून गेले की आठ दिवस तळ सुकू दे, त्याआधी पाण्याचा थेंब घेऊ नकोस. पण उधाण आलं सहाव्या दिवशी. ते चुकवलं तर पुढच्या उधाणापर्यंत थांबावं लागणार, आणि तेव्हा मांद्र्याला आमचं नाटक. राजपुत्राची भूमिका होती माझी. मी सहाव्या दिवशी दुपारी मानशीची फळी उचलली आणि ओला तळ पाण्याखाली घातला. तू तेव्हा मावशीकडे होतीस. कुणीही पाहिलं नाही.

मीठ धरलं तेव्हा सगळी माती वर आली होती. काळं मीठ, शेणासारखं. बाबा वाफ्यात उभे राहिले आणि साऱ्या कामकऱ्यांसमोर तुला म्हणाले, “तुझ्या पायान मीठ काळा पडला. शिवायची नाय तेव्हा तू आत गेलंस.” तू देवीची शपथ घेतलीस, रडलीस, माझ्याकडे पाहिलंस. मी तोंड उघडलं नाही. नाटकात मात्र तीन अंक घडघडा बोललो.

त्याच मे महिन्यात त्यांनी तुला घाईघाईने लाटंबार्स्याला दिलं. चतुर्थीला तू येतेस, पण बांधावरची जवळची वाट सोडून रस्त्याने वळसा घालून येतेस. मी दर वर्षी मिठाचं पोतं पाठवायचो, ते तू माडांच्या मुळात घालायचीस, हेही मला ठाऊक होतं. मी स्वतःची समजूत घालत राहिलो की तू सुखात आहेस, जुनं कशाला उकरायचं. बाबा गेले, तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. भ्याड होतो मी, दुसरं काही नाही.

गौरवीला मी हे सगळं सांगितलं. तिने वही मिटली. रविवारी भागीदारांची बैठक होती, तिथे उभा राहून पुन्हा सांगितलं, बाबा तुला बोलले तेव्हा तिथे असलेल्या कामकऱ्यांतले दोघे अजून आहेत, त्यांच्या तोंडावर. त्यातला विठू खाली मान घालून बसला. माघी पौर्णिमेच्या उधाणाला पाणी घ्यायचंय, म्हणजे फेब्रुवारीच्या तीन तारखेच्या आत तळ मळून व्हायला हवा. आमचा सर्वेश गाडी घेऊन तुला न्यायला येईल. आलीस तर पोरं तुझ्या मागून चालतील. नाही आलीस तर भराव पडेल, आणि त्याचा दोष तुला कुणी देणार नाही. मी देऊ देणार नाही.

पण आगरासाठीच लिहायचं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. गेल्या चतुर्थीला तुझी सून पल्लवी बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडे लोणच्याला मीठ आजेसासूबाई लावतात नाहीतर मी, सासूबाईंना बरणीला हात लावू देत नाहीत, पहिल्यापासून तशीच रीत आहे. मी तसाच पानावरून उठलो. पंचेचाळीस वर्षं, कमल! ते काळं मीठ तुझ्याबरोबर त्या घरात गेलं आणि मला पत्ताही नाही. तेव्हा हे पत्र वाचून ट्रंकेत ठेवू नकोस. घरातली सगळी जेवायला बसली की योगेशच्या हातात दे आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या सासूला नव्वदीत कमी ऐकू येतं. त्याला तिच्या कानाशी बसव, आणि नाही कळलं तर पुन्हा वाचू दे.

तुझाच अपराधी,
शांताराम भाई