टोपणाचा शेंदूर

१२ ऑक्टोबर, रविवार

उत्कर्षाले झटका — नाही. गाडीले — दोन!

ही वही डॉक्टरीणबाईनं पोरीसाठी लिवाले सांगतली. ताप चढला की पोरीले झटके येतात, डोळे फिरवते. "तारीख लिही, किती मिनिटं ते लिही. पाचाच्या वर गेलं तर सरळ आदिलाबादला घेऊन ये." दीड वर्षाची पोरगी, सातवी शिकलेली माय. लिवते. पण आदिलाबाद आमच्या गावावरून पाऊण तास, अन् घरची जुनी गाडी अर्ध्यातच जीव सोडते. मंग म्हटलं, हिचेही झटके लिवावं.

आज पयले गचके मारले, मंग भीमपूरच्या पुढच्या पुलावर बंद.

१४ ऑक्टोबर

चंपतराव मिस्त्री आले. बोनट उघडून असे पाहत राह्यले, जशी पोरगी पाहाले आले! "प्लग गेले." प्लग बदलले.

सासरे, मी मामाजी म्हणते त्याइले, खुर्ची टाकून बाजूले. जन्मात गाडी चालवली नाही, पण सारं समजते. "वय झालं तिचं. चढ सोसत नाही."

म्हटलं, मामाजी, पुलावर चढ कुठं हाये?

"सुवर्णा, च्या ठेव."

आत्याबाईचं, म्हणजे सासूचं, वेगळंच. दसऱ्याले गाडीची पूजा केली तवा पेट्रोलच्या टोपणाले शेंदूर लावला. "तेच तिचं तोंड हाये बाई! नजर तोंडातूनच जाते." तेव्हापासून गाडी बंद पडली की तेलात कालवून अजून एक थर. टोपण आता मारोतीसारखं दिसते.

१५ ऑक्टोबर

बंद. नवीन प्लगासहित.

१९ ऑक्टोबर

चंपतरावनं कार्बोरेटर खोलला, धुतला, लावला. "आता पाहा, हवाई जहाज!"

जहाज पुलावर उतरलं.

आमचे हे बोनट उघडून उभे. बोनट उघडलं की माणसाले वाटते, आपण काम करून राह्यलो. एक ट्रकवाला थांबला — "पेट्रोल लेदा, अम्मा?" पेट्रोल हाये बाबा, अर्धी टाकी हाये! तरी यायनं तारा हलवल्या, फुंकलं, शिव्या देल्ल्या. लय वेळानं आपोआप चालू. तवापासून फुंकल्यानं चालू होते असं सांगून राह्यले.

घरी आलो. शेंदूर!

२३ ऑक्टोबर

वही पायली. पोरीचं पान कोरं — देवा, असंच राहू दे. गाडीचं पान भरत आलं. सहा खेपा बंद. साही खेपा घरून निघाल्यावर वीसेक मिनिटांनी. चढ नाही, ऊन नाही, काही नाही. फक्त वीस मिनिटं! अन् मधात पंपावर थांबून पेट्रोल भरलं, त्या दिवशी पुलावर बंदच नाही.

यायले दाखवलं. "चंपतराव वीस वर्षांपासून मिस्त्री हाये. तू काऊन डोकं लावून राह्यली?"

बरं.

पण भेव वाटते. पोरगी मांडीवर वाकडी झाली, घड्याळात पाच मिनिटं होऊन गेले, अन् हे बोनट उघडून फुंकून राह्यले. रोज हेच डोळ्यापुढं येते.

२५ ऑक्टोबर

उत्कर्षा बाटलीचं दूध ओढे ओढे, येईचना. रडे. निप्पल आत चपकलेलं. टोपण ढिलं केलं — फुस्स! हवा आत गेली, दूध सुरू.

बाटलीकडं पायलं. मंग अंगणातल्या गाडीकडं पायलं.

२९ ऑक्टोबर

आज पोरीचं पान.

सकाळी ताप. नऊ वाजता झटका. पाच मिनिटं. सहा. गाडीत टाकलं. हे चालवाले, मी अन् आत्याबाई मागं. पुलावर गचके — बंद.

हे बोनटकडं पळाले. म्या पोरगी आत्याबाईच्या मांडीवर देल्ली, चाबी उपसली, पेट्रोलचं टोपण फिरवलं. फुस्सss! एवढी मोठी हवा आत ओढली गाडीनं!

"अवं, शेंदूर मोडला!" आत्याबाई.

"बोनट लावा!" म्या नवऱ्यावर ओरडली. जन्मात पयल्यांदा.

टोपण ढिलंच ठेवलं. तिसऱ्या चाबीले चालू. मंग कुठंच थांबली नाही. इंजेक्शन देल्लं, पोरगी निवांत झोपली. डॉक्टरीणबाई म्हणे, वेळेवर आणलं.

३० ऑक्टोबर

टोपण घासलं. शेंदराखाली, बरोब्बर मधात, सुईयेवढं भोक! हवा जायाची वाट. मंगळसूत्राची पिन काढून साफ केलं.

ओसरीत बैठक. हे — "म्या तार हलवली म्हणून." चंपतराव — "माझ्या कार्बोरेटरनं आता पकड घेतली." मामाजी — "चढावर सवकास नेली असन." आत्याबाई — "शेंदरानं तारलं."

म्हटलं, मामाजी, त्या टोपणाले एक भोक —

"च्या ठेव."

५ नोव्हेंबर

आठ दिवस झाले, एकही झटका नाही. पोरीले नाही, गाडीले नाही.

मामाजी म्हणे, "चांगली चालून राह्यली तवरच विकून टाकू. बोथचे भगवानराव परवा चालवून पाहाले येतात. पसंत पडली तं घेऊनच जाईन म्हणे."

अन् पोरीले झटका आला तं?

"ऑटो हाये ना गावात."

एक ऑटो. कापसाच्या दिवसात मजूर भरून सकाळीच जाते, दिवस बुडता येते.

यायच्याकडं पायलं. हे मोबाईलमदी.

७ नोव्हेंबर

सकाळी वाटीत तेल घेतलं, शेंदूर कालवला. टोपणाले बोटभर जाड लावला, मधात चांगला दाबून. आत्याबाईनं पायलं — "आली वं सुनेले अक्कल!"

भगवानराव आताच गाडी घेऊन पुलाकडं निघाले. पिन मंगळसूत्रालेच हाये.

च्या ठेवला.