ह्यांच्या पेटीला माझे पाय

॥ श्री ॥
मुनिरका, दिल्ली

रा. रा. दामूभावजींस,

अलकावहिनीचा आशीर्वाद. चेतनाची कंबर कशी आहे? तिला गार पाण्यात हात घालू देऊ नका. इकडे देवकृपेने दोन वेळचा स्वयंपाक आणि एक वेळची वीज आहे. फोनच करणार होते. पण ह्या दोन खोल्यांत तुमचे दादा कुठेही बसले तरी ऐकतात, म्हणून पत्र.

तर माघातल्या अर्धांगाच्या झटक्याने ह्यांचा डावा पाय लुळा पडला, हात देवाने ठेवले. (देवाला दोष देत नाही, पण ह्यांची पेटी म्हणजे ऑर्गन, त्याला भाता पायांनीच मारावा लागतो, हे त्याच्या लक्षात राहिले नसावे.) दिवसा ऑफिसच्या फायली, संध्याकाळी नाट्यसंगीताची साथ, पुढे स्वतंत्र वादनाच्या मैफली, शिकवायला पार पानिपतपर्यंत एसटीसारख्या खडखडत्या बसने जाणे, असा जन्म घालवलेला माणूस बंद पेटीकडे बघत बसे. शेवटी मीच म्हटले, हात तुमचे, पाय माझे. बाकावर मी शेजारी बसले आणि शिवणाच्या मशीनसारखा भाता मारू लागले. सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली की पाय थांबत. ते ओरडत, "अगं, वारा!" तरी जमले. शिकवण्याही सुरू झाल्या.

मग गणपतीत आर. के. पुरमला कार्यक्रम ठरला. मी जरीची साडी नेसून शेजारी. सगळे छान झाले आणि ह्यांनी भैरवीत विठ्ठलाचा अभंग घेतला. भावजी, इतका सुंदर वाजवला की माझे हात आपोआप जोडले गेले आणि हातांबरोबर पायही जुळले. पेटी गप्प. हे दातांतल्या दातांत, "अलका, भाता! भाता!" आणि मी डोळे मिटलेली. तेवढ्यात मागून कोणी म्हणाले, "वाह, क्या ठहराव है!" आणि टाळ्यांचा कडकडाट. यतीन (लातूरचा, परीक्षेची तयारी करतो, ह्यांच्याकडे शिकतो) मला म्हणाला, "काकू, बिल्कुल कुणाला कळलं नाही, यार!" मला यार म्हणाला, तेही मी चालवून घेतले.

घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "उभ्या हयातीत अशी दाद मिळाली नव्हती. मिळाली ती मी न वाजवल्याबद्दल." मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी यतीन आला, त्याला दारातूनच परत पाठवले. म्हणाले, "ज्याला स्वतःच्या सुराला वारा देता येत नाही, त्याने शिकवू नये." तेव्हापासून पेटीवर चादर आहे. मी रोज ती झटकून तशीच घालते. जेवतात, औषध घेतात, पण बोटे मांडीवर वाजत असतात, आणि ते मला पाहवत नाही.

बाकी ठीक. देवाची प्रार्थना करते, तुम्हीही करा.

तुमची वहिनी,
अलका

ता. क. प्रार्थनेबरोबर एक काम करा. मिरजेत पेट्यांच्या भात्याला विजेची मोटर बसवून देतात म्हणे. ती घेऊन तुम्ही स्वतः या आणि बसवा. मी सांगितले म्हणू नका. भावाने भावाला दिली असे होऊ द्या.

ता. क. दुसरा. लग्न झाल्यापासून वाजवताना मी ह्यांची फक्त पाठ पाहिली होती, बाकावर बसू लागले तेव्हा चेहरा दिसला. मोटरीचे बटण बाकाच्या माझ्या बाजूला बसवा, त्यांचा हात पोचणार नाही असे.